त्या दिवशी शिंग मी फुंकलं

आमच्या घरात गारेचं नाव घ्यायचं नाही, असा दंडक होता. सापाला जसं लांबडं म्हणतात, तसं गारेला आम्ही नुसतं ‘ती’ म्हणायचो. ती आली, ती सरली, ती औंदा बालाघाट ओलांडून गेली. नवख्या माणसाला वाटावं, एखाद्या तापट आत्याबाईबद्दल बोलणं चाललंय. आमचे आप्पा गारपगारी होते. हल्लीच्या मुलांना हा शब्द सांगितला की ती माझ्या तोंडाकडं बघत बसतात, म्हणून सांगून टाकते. पाच गावांच्या शिवारावर गारा पडू न देणं हे आमच्या घराण्याकडं पिढ्यान्‌पिढ्या आलेलं काम. सुतारानं औत भरावं, चांभारानं मोट शिवावी, तसा गारपगाऱ्यानं ढग परतवावा. शिवरात्रीपासून पाडव्यापर्यंत ज्वारी रानात असते, काही उभी, काही काढून आडवी पडलेली. तेवढे दिवस आप्पांनी शिवेबाहेर जायचं नाही, पायांत वहाण घालायची नाही, आणि आभाळ फिरलं की मारुतीच्या पारावर त्रिशूळ रोवून, ढगाकडं तोंड करून शिंग फुंकायचं. सुगी झाली की खळ्याखळ्यावरून आमच्या घरी कणसांची पाटी यायची. आमच्या पोटापाण्याची सोय तीच.

आई मला आठवत नाही. घर होतं ते वैनीचं. वैनी म्हणजे दादाची बायको, तिचं नाव केवळ. दादा इंग्रजी हद्दीत, सोलापूरला कापडाच्या गिरणीत. आम्ही इकडं मोगलाईत, निजामाच्या राज्यात, कळंबच्या अलीकडं मांजरेच्या काठाला. तो दिवाळीला आणि यात्रेला यायचा, साबणाची एक वडी आणायचा, आणि ती वडी वैनी वास घेऊन घेऊनच झिजवायची. ती माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी असेल. मला मानानं ‘वन्सं’ म्हणायची, आणि तोंडानं वन्सं म्हणता म्हणता माझी वेणी ओढून उवा मारायची. पहाटे जात्यावर बसली की एकच ओवी घोळवायची. पुढची ओळ आठवली नाही की खोटं खोटं खोकायची आणि पुन्हा पहिल्या ओळीवर यायची. माळवदाच्या त्या अंधाऱ्या घरात मी अंथरुणात पडून तिचा खोकला कधी येतो याची वाट बघत असे. हुलग्याचं माडगं तिच्यासारखं नंतर मला कुठं मिळालं नाही. वरून लसणाची फोडणी, सोबत ज्वारीची भाकरी आणि करडईच्या कोवळ्या पाल्याची भाजी. सासऱ्याशी ती समोरासमोर बोलत नसे, तशी रीतच नव्हती. आप्पा दोन हातांवर पाटावर बसलेले असले तरी मला विचारायची, “वन्सं, मामंजींना म्हणावं, आणिक वाढू का?” आणि आप्पा भिंतीकडं बघत मला सांगायचे, “म्हणावं, पोट भरलं.” मी दोघांच्या मधली निरोपी. मला त्यात गंमत वाटायची. “आणिक एक वाढ म्हणत्यात,” असं मी बेधडक सांगायचे, आणि भाकरी ताटात पडली की आप्पा निमूट खायचे. सुनेनं वाढलेलं ताटात टाकायचं कसं?

दादाला या कामात रस नव्हता, म्हणून आप्पांनी जे शिकवलं ते मला. मंत्र नाही शिकवले, ते बाईमाणसाला शिकवायचे नसतात. आभाळ शिकवलं. माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, मला शेजारी बसवून ते मान वर करायचे. सकाळीच घाम सुटायला लागला, चार दिवस वाहणारा दक्षिणेचा वारा एकाएकी पडला, कोंबड्या दिवसाढवळ्या खुराड्याकडं वळल्या, की दुपारनंतर लक्ष ठेवायचं. काळा ढग पावसाचा. काळ्याच्या पोटात हिरवट झाक दिसली की तो दुसरा. आणि सगळ्यांत पक्की खूण कानाची. पावसाचा ढग गडगडतो आणि थांबतो. तो दुसरा थांबत नाही, घरात कुणीतरी जातं ओढत असावं तशी त्याची घरघर अखंड चालू राहते. आप्पांना ती घरघर इतरांच्या आधी घटकाभर तरी ऐकू यायची. नंतर नंतर मला त्यांच्याही आधी येऊ लागली. त्यांनी माझं कौतुक केलं नाही, पण ढग उठला की ते आधी माझ्याकडं बघायला लागले, आणि ते मला पुरे होतं.

एकदा मी त्यांना विचारलं, “आप्पा, तुमाला खरंच ढग सरवता येतो का?” ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी पायाच्या अंगठ्यातला काटा काढत काढत उत्तर दिलं. “कवा सरतो, कवा न्हाय सरत. पर यायचा हाय का न्हाय, ते मला कळतं. ते मातर कुणी इचारत न्हाय.” आणि विचारणार तरी कोण? गारपगाऱ्यानं ‘ती येणार’ असं तोंडातून काढलं की तो आपण होऊन तिला बोलावतो, अशी समजूत. आणि शिवाय, येणार हे तुला कळतंय तर थांबवत का नाहीस, हा प्रश्न ठेवलेलाच. परवा दूरदर्शनवर काश्मीरची बातमी होती. दोन दिवस तुफान बर्फ पडणार, घराबाहेर पडू नका, असं एक मुलगी टापटीप कपडे घालून हसतमुखानं सांगत होती. लोक घरात बसले, रस्ते बंद झाले, आणि तिला कुणी म्हणालं नाही की बाई, मग तू थांबवत का नाहीस? मी नातवाला तसं म्हटलं तर तो खो खो हसला. मी विनोद केला नव्हता.

आप्पांचं शिंग रेड्याचं होतं, पणजोबांच्या वेळचं, तोंडाशी पितळेनं मढवलेलं. त्याचा आवाज ओढ्यापलीकडच्या रानांपर्यंत जायचा. आता जी गोष्ट सांगायची आहे ती कळायला त्या शिंगाचा अर्थ ध्यानात घ्यायला हवा. आभाळ फाटायच्या बेतात असताना ते वाजायचं, म्हणजे खरं तर धोक्याचीच वेळ. पण गावानं त्याचा अर्थ लावला होता तो असा, की गारपगारी उभा राहिला, आता भ्यायचं कारण नाही. शिंग ऐकलं की घराकडं निघालेली माणसं परत फिरून कामाला लागायची. हे मला माहीत होतं. आप्पांना तर होतंच होतं. माळवदावर बसून आम्ही दोघांनी ते कितीदा तरी पाहिलं होतं, आणि त्यावर एकमेकांशी कधी अक्षर बोललो नव्हतो.

त्या वर्षी सुगी ऐन भरात आली आणि आप्पांना हिवतापानं धरलं. एक दिवसाआड दुपारी थंडी वाजून यायची, दात कडकडा वाजायचे, मग अंग तव्यासारखं तापायचं आणि ते काहीबाही बरळायचे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातून आणलेल्या कोयनेलच्या गोळ्या संपल्या होत्या. सकाळी वैनी हलीमाबीच्या रानात ज्वारी काढायला निघाली. हलीमाबी आमच्या शेजारची, तिचं घर आणि आमचं घर यांच्यात एकच भिंत. रान तिचं ओढ्यापलीकडं, गावापासून सगळ्यांत लांब. “वन्सं, मामंजींना म्हणावं, दिस मावळायच्या आत येते. चुलीवर कण्या हायेत, ताकासंगं द्या.” उंबऱ्यापाशी ती पुन्हा वळली आणि माझ्या कानामागं केसांची बट खोचून गेली.

दुपारी वारा पडला. मी अंगणात करडई झोडपत होते. घाम मानेवरून पाठीत उतरत होता आणि कोंबड्या खुराड्यात गेल्या होत्या. येरमाळ्याच्या डोंगराच्या अंगाला ढग उठला होता, आणि त्याच्या पोटात ती झाक होती. मी श्वास धरून ऐकलं. घरघर चालू होती. आत आले तर आप्पा दोन घोंगड्यांखालून डोळे उघडून माझीच वाट बघत होते.

“ऐकू येतंया?”

“व्हय.”

“कुठवर आलीया?”

“डोंगराच्या अलीकडं.”

ते उठायला गेले. भिंत धरून गुडघ्यांवर आले आणि तसेच कलंडले. मी त्यांना सावरलं. त्यांनी माझं मनगट धरलं, हात भाजत होता. “शिंग-बिंग ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “रानात पळ. समद्यांना सांग, गारा येत्यात. घराकडं पळा म्हणावं. आधी ओढ्याकडं जा, केवळ हाय तिथं.”

गारा. आमच्या घरात तो शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

मी निघाले. खुंटीवरचं शिंग मी का घेतलं, हे मला आजवर नीट सांगता आलेलं नाही. शिक्षिका म्हणून तीस वर्षं मुलांना ‘कारणे द्या’ असे प्रश्न घातले, आणि स्वतःला घातलेल्या या एका प्रश्नाला मार्क देता आले नाहीत. रानं तीन दिशांना होती, मी एकटी कुठं कुठं पोचणार, असं मनात आलं हे खरं. गारा येताहेत असं ओरडत गेले असते तर गाव म्हणालं असतं, मग तुझा बाप कशाला आहे? आप्पांची लाज राखावी, हेही खरं. पण मारुतीच्या पारापाशी आले तेव्हा पार मोकळा होता, आभाळ सगळं माझ्यासमोर होतं, आणि मला ते फुंकायचं होतं. ढग माझं ऐकेल असं मला वाटलं. ज्या मुलीला घरघर बापाआधी ऐकू येते, तिचं ढगानं का ऐकू नये? बारा-तेरा वर्षांची होते. बायका त्या पारावर पाय ठेवत नसत. मी चढले, ढगाकडं तोंड केलं आणि फुंकलं.

पहिल्यांदा नुसती हवा गेली. दुसऱ्यांदा आवाज आला, अगदी आप्पांसारखा. खालच्या रानातून एक बाई डोक्यावर कणसांची पाटी घेऊन गावाकडं निघाली होती. ती थांबली. तिनं पाराकडं पाहिलं, पाटी खाली उतरवली आणि परत पातीला जाऊन वाकली. मी ते पाहिलं. तेव्हाही पळत सुटले असते तर वेळ होता. ओढ्यापर्यंत पोचले असते. मी तिसऱ्यांदा शिंग फुंकलं.

गारा आधी तुरळक पडल्या, बोरांएवढ्या. मग लिंबाएवढ्या. मग आकार बघायला मी उभी राहिले नाही, देवळात शिरून मारुतीच्या मागं बसले. माळवदांवर पडणाऱ्या गारांचा आवाज मऊ असतो, धप धप असा, ओल्या मातीत मूठ मारल्यासारखा. पत्रे आमच्या गावात नव्हतेच. त्या मऊ आवाजात गुरांचं हंबरणं ऐकू येत होतं, आणि मग ते थांबलं. किती वेळ पडल्या ते माहीत नाही. थांबल्या तेव्हा ऊन पडलं, अगदी स्वच्छ.

मी अनवाणी ओढ्याकडं चालत गेले. पळाले नाही. रस्ता पांढरा झाला होता. घोट्यापर्यंत गारांतून चालताना आधी पाय झोंबले, मग त्यांना काही कळेनासं झालं, आणि चालणं सोपं झालं. लिंबाच्या झाडाखाली पोपट मरून पडले होते, ते मी ओलांडून गेले. हलीमाबी कडब्याच्या पेंढ्यांखाली शिरली होती म्हणून वाचली. ती रानाच्या मधोमध बसून होती, कपाळातून रक्त येत होतं, आणि वैनीचं डोकं तिच्या मांडीवर होतं. वैनीच्या हातात उपटलेली चार धाटं तशीच होती. मी ती सोडवून बाजूला ठेवली. मग तिचा हात हातात घेतला. माझाही हात तेवढाच गार होता, त्यामुळं मला फरक कळला नाही. मला रडू आलं नाही. पुढं तिला घरी आणलं तेव्हा नाही, नेलं तेव्हाही नाही. संध्याकाळी कुणीतरी भाकरी दिली ती मी खाल्ली. चुलीवरच्या कण्या सकाळी कोंबड्यांना घातल्या. तिसऱ्या दिवशी दादा आला, चार दिवस भिंतीला टेकून बसला, आणि गेला. वर्षभरानं त्यानं सोलापुरातच दुसरं लग्न केलं.

गावानं मला धरलं, पण भलत्याच गुन्ह्यासाठी. पोरीनं शिंगाला हात लावला, पारावर चढली, विटाळ केला, म्हणून ढग कोपला. पाराभोवती सगळे जमले आणि पाटलांनी विचारलं, “कुणाला इचारून फुंकलंस गं?” मी जमिनीकडं बघत राहिले. तेवढ्यात आप्पा आले. घोंगडी पांघरलेली, काठी टेकत, दर चार पावलांना थांबत. “तिला काय इचारता?” ते म्हणाले. “म्या सांगितलं तिला. मला उठवंना, म्हणून म्हणलं, तू फुंक. चूक माझी.” पाटील एवढंच म्हणाले, “मग आता तुमी शिंग खाली ठिवा.” आप्पांनी शिंग पारावर ठेवलं आणि आम्ही घरी आलो. माझ्यासाठी बाप भर गावात खोटं बोलला, असं मला वाटलं. मला आभार मानायचे होते, पण आमच्यात तसं बोलायची सवय नव्हती. त्या सुगीपासून पाटी बंद झाली. आप्पा दुसऱ्यांच्या मेंढ्या राखायला जाऊ लागले.

वैनीचं दहावं झाल्यावर हलीमाबी पिठलं-भाकरी घेऊन आली. तिच्या कपाळाला हळदीची पट्टी होती. दुपारी आप्पा बाहेर गेलेले. मी जेवत होते आणि ती माझ्यासमोर बसून राहिली होती. “खा बेटी,” म्हणाली, आणि मग आपणच बोलायला लागली. “केवळ उठली व्हती गं. आभाळ बघून म्या म्हणलं, चल, जाऊ. तिनं पदर खोचला, पाटी उचलली. आन्‌ तेवढ्यात शिंग वाजलं. हसली बघ. म्हणली, मामंजी उभं ऱ्हायले. तापातनं उठून उभं ऱ्हायले. म्या म्हणलं, ते ऱ्हाऊ दे, तू चल. तर म्हणली, हलीमाबी, गाव गेलं तरी चालंल, पर त्यांचीच सून पळाली तर त्यांच्या शिंगाला काय मोल? आन्‌ बसली परत. मग म्या बी बसले.” एवढं बोलून तिनं माझ्या ताटात आणखी पिठलं वाढलं. शिंग कुणी फुंकलं हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, तिलाही होतं. तिनं ते मला लावून म्हटलं, की नुसतं सांगायचं म्हणून सांगितलं, हे मी तिच्या तोंडावरून ओळखू शकले नाही. मी ताट पुसून खाल्लं. त्या दिवसापासून मला घरघर ऐकू येत नाही. ढग येतो, पडून जातो, आणि मला इतरांबरोबरच कळतं.

पुढं रझाकार, पोलिस अॅक्शन, निजाम जाणं, हे सगळं झालं. ते पुष्कळांनी लिहिलंय, मी लिहीत नाही. मी उशिरा शाळेत गेले, मास्तरीण झाले, कळंबला खोली घेतली आणि आप्पांना घेऊन आले. माझं लग्न झालं, मुलं झाली. आप्पा ओसरीत बसायचे, आभाळाकडं पाठ करून. वैनीचं नाव आमच्या घरात कुणी घेत नसे. नाव न घेण्याची आम्हाला सवयच होती.

ते गेले त्या दिवशी रविवार होता, म्हणून मी घरी होते. दुपारची वेळ, उन्हं ओसरीवर आली होती. दोन दिवस त्यांच्या पोटात काही नव्हतं. मी चमच्यानं पाणी पाजत होते. त्यांनी चमचा बाजूला सारला.

“गिरजे,” ते म्हणाले, “तुला रानात धाडाया पायजे व्हतं म्या.”

मला आधी कळलंच नाही.

“तापात अक्कल चालली न्हाय. शिंग फुंक म्हणलो तुला. पळ म्हणाया पायजे व्हतं. येतीया हे म्या ऐकलं व्हतं. केवळ माझ्यामुळं गेली.”

म्हणजे पारावर ते खोटं बोलले नव्हते. तापानं त्यांच्या डोक्यातून ते बोलणं पुसून टाकलं होतं, आणि मी गप्प राहिल्यानं जागा भरून निघाली होती. इतकी वर्षं ते याच्यावरच जगत होते. दुसऱ्यांच्या मेंढ्यांमागं, माझ्या ओसरीवर, आभाळाकडं पाठ करून. ‘आप्पा, तुमी धाडलं व्हतं.’ एवढं एकच वाक्य होतं. ते माझ्याकडं बघत होते, ढग उठल्यावर बघायचे तसेच. मी तोंड उघडलं. मला भीती वाटली असंही नाही, दया आली असंही नाही. काहीच वाटलं नाही.

“आसू द्या आप्पा,” मी म्हणाले. “झालं ते झालं. म्या तुमाला कधी दोष दिला न्हाय.”

त्यांचे डोळे भरून आले. पडल्या पडल्या त्यांनी मला हात जोडले, आणि मी ते जोडू दिले.